डाव्या खांद्यावरची पिन

शाळेच्या स्टाफरूममध्ये एक चांगला किस्सा तयार व्हायला साधारण एक सत्र लागते. डे-केअर वॉर्डात एक मंगळवार पुरतो. स्टाफरूममध्ये घंटा वाजली की सांगणारा उठतो आणि गोष्ट अर्धी राहते. डे-केअरमध्ये प्रत्येकाच्या अंगाला नळी लावलेली असते. औषध संपेपर्यंत कुणाला कुठेही जाता येत नाही. त्यामुळे तिथल्या गोष्टी शेवटापर्यंत पोहोचतात आणि साठत राहतात.

मी रायपुरातल्या एका मराठी शाळेत अडतीस वर्षे संस्कृत शिकवले. त्यांपैकी शेवटची अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी उजव्या स्तनात गाठ निघाली. रायपुरातल्या ज्या रुग्णालयात उपचार ठरले, तिथे केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे मी दिवसाआड जात होते. कधी रक्त द्यायला, कधी साखर तपासायला. तपासणीसाठी वेगळी खोली नव्हती, म्हणून डे-केअरच्या एका रिकाम्या खुर्चीत बसवत. हे किस्से त्या तीन आठवड्यांतले आहेत. मैत्रिणींना इतक्यांदा सांगितले की आता त्यांतली वाक्येही ठरून गेली आहेत. तेव्हा लिहूनच ठेवावेत हे बरे.

* * *

पहिला माझ्या शिरांचा.

सीटी स्कॅनपूर्वी हाताच्या शिरेत सुई टोचायची होती. सिस्टर लिन्सी मूळची केरळची. रायपुरात बारा वर्षे राहिल्यामुळे तिचे हिंदी सफाईदार झाले आहे, फक्त लिंगविचाराला तिथे प्रवेश नाही. तिने माझ्या मनगटावर दोन बोटांनी टिचक्या मारल्या.

"मैडम, आपका नस छुपता है."

"आपकी नस छुपती है," मी म्हणाले.

"वही तो. मेरे को देखके भागता है."

"भागती है."

"मैडम, जेंडर बाद में. पहले मुट्ठी बाँधो."

चार ठिकाणी टोचून झाले, चार ठिकाणी निळे डाग पडले. शेवटी तरुण डॉक्टर आले. गृहपाठ न केलेली वही चाळावी तसे त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. सोळा वेळा औषध द्यायचे आहे, ते या शिरांच्या भरवशावर देता येणार नाही, म्हणून उपचारांआधी पोर्ट बसवून घेऊ, असे ते म्हणाले. पोर्ट म्हणजे काय, हे त्यांनी केसपेपरच्या मागे आकृती काढून समजावले. आकृतीला नावे दिलेली नव्हती, बाणही नव्हते. मला काही कळले नाही.

कळले ते शेजारच्या खुर्चीकडून. तिथे दुलारीबाई बसत असे. धमतरीकडच्या एका गावची. घरामागे भाजीची बाडी. तिचे उपचार अर्धे झाले होते. तिने ब्लाउजचा गळा जरा बाजूला सरकवला. कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत, मोठ्या नाण्याएवढा उंचवटा होता.

"बहिनी, घेरी-बेरी कुआँ काबर कोड़बो? एक बेर बोर करवा ले."

पुन्हापुन्हा विहीर कशाला खणायची? एकदाच बोअर मारून घे. कातडीखाली एक डबी, डबीपासून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नळी. मग दर वेळी सुई फक्त त्या डबीत. अडतीस वर्षांत मला फळ्यावर इतकी नेमकी आकृती काढता आली नाही.

* * *

दुसरा मेश्राम साहेबांचा.

मेश्राम साहेब पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. आतड्याचा आजार. त्यांचा पोर्ट वॉर्डात सर्वांत ज्येष्ठ. ते त्याला 'माहा वॉल्व' म्हणत. कारखान्यातून निघताना भेट मिळालेले व्हर्निअर कॅलिपर त्यांनी घरी जपून ठेवले होते. दर सोमवारी ते त्याने कातडीवरून पोर्टची उंची मोजत आणि मंगळवारी डॉक्टरांसमोर वही उघडत.

"सर, वॉल्व वर आला. अर्ध्या मिलिमीटरनं."

डॉक्टरांनी एक्स-रे काढवला. पोर्ट जागच्या जागी होता.

"पोर्ट वहीं है अंकल. आप दुबले हो गए हैं, इसलिए ऊपर दिखता है."

मेश्राम साहेबांनी वही मिटली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तं मंग मले भरा ना. त्याले काहून दोष देता?"

माझ्या वर्गात 'मले' म्हणणारे मूल उभे राहून 'मला' असे पाच वेळा म्हणत असे. मेश्राम साहेबांना मी एकदाही उभे केले नाही. त्या संपूर्ण वॉर्डात माझ्याशी मराठी बोलणारे ते एकटेच होते. शिवाय 'काहून' हा शब्द कानांवर पडला की माझी मान आपोआप वळत असे. आमच्या घरी तो शब्द एकच व्यक्ती वापरायची, तीही आई स्वयंपाकघरात असताना, हळूच. माझी धाकटी बहीण कुमुद. तिचे नाव पुढे येणार आहे.

एकदा मी मेश्राम साहेबांना विचारले, "उपचार संपले की हा पोर्ट काढतात का?"

"लवकर नाही काढत, बाई. राहू देतात. पण वापर नसला तरी महिन्या-दीड महिन्यातून एकदा फ्लश कराच लागते. सुई टोचून पाणी सोडाचं. नाही तं लाइन जाम होते."

"आणि जाम झाली तर?"

"उघडते कधी कधी," ते म्हणाले. "पण जोर नाही लावाचा. जोर लावला का फुटते."

मी विषय बदलून त्यांना कारखान्याच्या कॉलनीतल्या आंब्यांविषयी विचारले.

* * *

तिसरा लाल पेनचा.

पोर्ट बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या संमतीचा अर्ज हिंदीत होता. दोन पाने, त्यांत एकोणीस चुका. एका वाक्यात कर्ता हरवला होता, म्हणजे शस्त्रक्रिया करणार कोण हेच स्पष्ट नव्हते. अशा कागदावर सही कशी करावी? मी पर्समधला लाल पेन काढला, एकोणीसही चुका दुरुस्त केल्या, शेवटी 'पुनर्लेखन आवश्यक' असा शेरा दिला आणि मग खाली सही केली.

थोड्या वेळाने रेकॉर्ड विभागाचे बाबू आले. अर्ज त्यांनी ओल्या फडक्यासारखा दोन बोटांत धरला होता.

"मैडम, यह क़ानूनी काग़ज़ है. काट-पीट हुई तो रद्द."

"काट-पीट नहीं है. संशोधन है."

"संशोधन हुआ तो भी रद्द."

नवा अर्ज रायपुरातच, पण दुसऱ्या इमारतीतून यायचा होता. शुक्रवारची माझी शस्त्रक्रिया पुढच्या गुरुवारवर गेली. सिस्टर लिन्सीने माझ्यापुढे तळहात पसरला. मी पेन दिला. तो तिने गणवेशाच्या खिशात टाकला.

"ये पेन मेरे पास जमा. छुट्टी के टाइम मिलेगा."

मी आयुष्यात शिट्ट्या जप्त केल्या, चिंचा जप्त केल्या, एकदा कंपासपेटीतली जिवंत बेडकीही जप्त केली. माझ्याकडून कुणी काही जप्त केल्याचा हा पहिलाच प्रसंग. दुलारीबाईने ही बातमी पलीकडच्या खोलीपर्यंत पोहोचवली.

"मास्टरिन के पेन जप्त होगे!"

* * *

चौथा पदराचा.

गाठ उजवीकडे, म्हणून पोर्ट डावीकडे. डॉक्टरांनी कॉलरबोनखाली खूण केली आणि म्हणाले, "यहाँ कुछ दबना नहीं चाहिए. पर्स का पट्टा भी नहीं."

माझी पर्स हातात असते. पण डाव्या खांद्यावर, नेमक्या त्या खुणेवर, माझा पदर असतो आणि पदरावर पिन. चुण्या एकावर एक, कडा सरळ, आणि चांदीच्या डोक्याची जाड पिन. अडतीस वर्षे मी त्या पिनशिवाय वर्गात गेले नाही. मला नोकरी लागली तेव्हा कुमुद कॉलेजात होती. दोन मुलींची शिकवणी घेऊन तिने ती पिन मला आणून दिली होती. पिनचा चाप अतिशय कडक आहे. तो दाबून वर सरकवायची एक खुबी आहे. ती मला कधीच नीट जमली नाही.

"पिन नहीं चलेगी," डॉक्टर म्हणाले.

यावर दुलारीबाईने तोडगा काढला. सीधा पल्ला. मागून आणून उजव्या खांद्यावरून पुढे सोडायचा, म्हणजे डावा खांदा मोकळा. ती उठली. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हाताने माझा पदर काढून फिरवला, मागे खोचला, पुढे सोडला. शेवटचे टोक दातांत धरून तिने नीट पसरले. मग सगळा वॉर्ड माझ्याकडे पाहू लागला.

मेश्राम साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, आता तुमी आमच्या शेजारच्या ठाकुराइनबाईसारख्या दिसून राहिल्या. फक्त त्या हासतात."

दहा मिनिटे मी तशी बसले. मग प्रसाधनगृहात गेले आणि पदर पूर्ववत डावीकडे घेऊन पिन लावली. पिन लागायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. का, ते मला तेव्हाच कळले होते.

आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. उभ्या सांगाड्याला साडी नेसवायला दोन बायका लागतात: एकीने निऱ्या धरायच्या, दुसरीने पिन लावायची. कुमुदच्या सासरी महालक्ष्म्या नव्हत्या, म्हणून लग्नानंतरही ती दर वर्षी त्या एका दुपारी यायची. निऱ्या मी धरायची, पिन ती लावायची. गेली नऊ वर्षे मी तोंडात पिना धरून एकटीच नेसवते. ज्येष्ठेची साडी व्यवस्थित बसते. कनिष्ठेचा पदर दर वर्षी सुटतो.

* * *

पाचवा रिकाम्या रकान्याचा.

नवा अर्ज आला. एकोणीस चुका तशाच होत्या. मी डोळे मिटून सह्या केल्या आणि लिन्सीला दिला.

"मैडम, ये दोनों साइन आपका है."

"आपके हैं. हाँ."

"एक मरीज़ का चाहिए, एक घरवाले का."

"घर में मैं ही हूँ."

मेश्राम साहेब पुढे सरसावले. "मी करतो सही. भाऊ म्हणून लिवा."

लिन्सीने मान हलवली. ते स्वतःच रुग्ण. एका रुग्णासाठी दुसऱ्या रुग्णाची सही चालत नाही. दुलारीबाईचा अंगठाही त्याच नियमाने बाद झाला. नियम योग्य होता. पालकांची सही नसलेली प्रगतिपुस्तके मी आयुष्यभर परत पाठवली. आता माझे परत आले होते.

अर्जाच्या पहिल्या पानावर आणखी एक रकाना होता: आपातकालीन संपर्क. तो मी भरलेला होता. रिकामा रकाना मला सहन होत नाही. परीक्षेत मी मुलांना सांगत असे, येत नसले तरी काहीतरी लिहा. म्हणून, स्वतःच्या नंबराखेरीज मला पाठ असलेला एकमेव नंबर मी तिथे लिहिला होता. नाते: बहन.

लिन्सीचे बोट त्या रकान्यावर थांबले. "ये तो है घरवाला."

"वह केवल कॉलम भरने के लिए है. फ़ोन नहीं करना."

"क्यों? नंबर बंद है?"

"नंबर चालू है. बातचीत बंद है."

"कब से?"

"नौ साल से."

 आधी सांगितलेच आहे, तिथे कुणालाही उठून जाता येत नाही. त्यामुळे मलाही ती गोष्ट अर्धी सोडता आली नाही.

कुमुदचा मुलगा निखिल माझ्याच शाळेत नववीत होता. गणितात तीन गुण कमी पडले. तीन गुणांपर्यंत कृपांक देण्याचा अधिकार मुख्याध्यापिकेला होता; अट एवढीच की पालकांनी मुदतीत लेखी अर्ज करावा. कुमुदचा अर्ज एक दिवस उशिरा आला. तिच्या यजमानांना त्या आठवड्यात टायफॉइड होता. ती अर्ज घेऊन माझ्या कार्यालयाबाहेर बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावले नाही. शिपायाकडून अर्ज मागवला, वाचला आणि दोन त्रुटी लिहून परत पाठवला. एक, मुदत संपली आहे. दोन, विलंबाचे कारण नमूद केलेले नाही.

कारण मला ठाऊक होते. अर्जात लिहिलेले नव्हते.

निखिलने दुसऱ्या शाळेत पुन्हा नववी केली. दाखल्यावर सही माझीच होती. कुमुद पुरानी बस्तीत राहते, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्ही दोघी जातो आणि एकाच करंड्यातले कुंकू लावून घेतो. ती आल्यावर मी निघते, किंवा मी आल्यावर ती.

मी थांबले. 

"नियम तं नियमच असते, बाई," मेश्राम साहेब समजूत घालत म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "पण तीन गुण द्याचे, हे बी नियमातच होतं ना?"

दुलारीबाई बोटांवर काहीतरी मोजत होती. "तीन नंबर बर नौ बछर, मास्टरिन?" तीन गुणांसाठी नऊ वर्षे?

"हव," मी म्हणाले. मी छत्तीसगढात जन्मले, इथेच म्हातारी झाले. 'हो'साठीचा इथला हा शब्द मात्र माझ्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघाला.

* * *

सहावा ऑटोवाल्याचा. लहानसा आहे.

रुग्णालय शंकर नगरच्या बाजूला. ब्राह्मणपाऱ्यातून निघून पुरानी बस्तीतून जायचे काही कारण नाही. ती दिशाच वेगळी. पहिल्या दिवशी मी ऑटोवाल्याला तिकडून घ्यायला सांगितले, तेव्हा तो मागे वळला.

"मैडम, वो तो उल्टा पड़ेगा."

"मुझे मंदिर के दर्शन करने हैं."

"कौन सा मंदिर?"

"जो रास्ते में पड़े."

पुरानी बस्तीत मंदिरांना तोटा नाही. वाटेत एक गल्ली लागते. तिच्या तोंडाशी उभे राहिले तर तिसऱ्या घराचा सज्जा दिसतो. सज्जात कांजी केलेल्या सुती साड्या वाळत असतील तर त्या घरातली बाई बरी आहे, असे समजायचे. एकदा सलग तीन खेपा सज्जा रिकामा होता. त्या आठवड्यात माझी साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांना कारण सापडले नाही.

पाचव्या की सहाव्या खेपेला मी काही बोलण्याआधीच ऑटो त्या गल्लीशी आला आणि थांबला. ऑटोवाल्याने समोरच्या भिंतीकडे पाहत इंजिन बंद केले.

"मैडम, दर्शन कर लीजिए."

* * *

शेवटचा बुधवारचा.

गुरुवारी सकाळी शस्त्रक्रिया होती. बुधवारी दाखल व्हायचे होते. दोन्ही सह्यांचा अर्ज चार वाजेपर्यंत ऑपरेशन थिएटरच्या टेबलावर पोहोचला नाही, तर यादीतून नाव जाणार होते. पुढची यादी आठ दिवसांनी. आणि डॉक्टरांनी सकाळीच सांगितले होते की आता आणखी आठ दिवस गाठ थांबणार नाही.

"मैंने फ़ोन किया," लिन्सी म्हणाली.

"किसने कहा था?"

"फ़ॉर्म ने. उसमें आपातकालीन लिखा है."

मी तिला रागावणार होते. त्याऐवजी विचारले, "क्या कहा उसने?"

"अच्छा बोला. फिर काट दिया."

'अच्छा' या शब्दाचे किती अर्थ होतात, हे मी शिकवू शकते. त्या दिवशी मला एकही लागत नव्हता.

तीन वाजता मेश्राम साहेबांचे दुसऱ्या दिवसाचे औषध संपले. ते घरी गेले नाहीत. "ट्राफिक कमी होऊ द्या," म्हणाले आणि भिंतीकडे पाहत बसले. दुलारीबाईने आपली खुर्ची दाराकडे तोंड करून घेतली. साडेतीन झाले. पावणेचार झाले. लिन्सी दोनदा लिफ्टपर्यंत जाऊन आली. आल्यावर तिने दोन्ही वेळा मला सांगितले की ती पाणी प्यायला गेली होती.

चार वाजता रेकॉर्डचे बाबू फाइल न्यायला आले. दुसऱ्या सहीची जागा कोरी पाहून त्यांनी फाइल मिटली.

"मैडम, समय हो गया. अब अगले हफ़्ते."

मी खुर्चीतून उठले. "मुझे एक अर्ज़ी देनी है."

"किस बात की?"

"समय बढ़ाने की."

लिन्सीने कोरा कागद दिला. नर्सिंग काउंटरवर उभी राहून मी अर्ज लिहिला. हजारो मुलांकडून लिहून घेतला, तसाच. सेवा में. विषय. महोदय. खाली तीन ओळी: माझी बहीण येत आहे, ती येईल याची मला खात्री आहे, तरी अर्ध्या तासाची मुदत मिळावी. 'येत आहे' हे सत्य आहे की नाही, मला ठाऊक नव्हते. खात्री तर नव्हतीच. तरीही मी ते तसेच लिहिले आणि खाडाखोड केली नाही. सहीच्या आधी, जिथे मी नेहमी तपासत असे, तिथे एक ओळ आणखी लिहिली.

विलंब का कारण : प्रार्थी स्वयं.

प्रार्थी म्हणजे अर्जदार. बाबूंनी ती ओळ वाचली, माझ्याकडे पाहिले आणि कागद डॉक्टरांकडे नेला. परत आले तेव्हा कागदावर 'साढ़े चार तक' असे लिहिलेले होते. त्यांनी तो फाइलवर चिमट्याने लावून फाइल काउंटरवर ठेवली.

चार वाजून वीस मिनिटांनी कुमुद आली. लिफ्टसाठी न थांबता जिना चढून आली होती. श्वास लागला होता. कांजी केलेली सुती साडी, पदर डाव्या खांद्यावर. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. हळदीकुंकवाला ती डोक्यावरून पदर घेते, त्यामुळे मला ते कधी दिसलेच नव्हते.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. थेट काउंटरवर गेली. "साइन कहाँ करना है?"

लिन्सीने फाइल पुढे केली. वर माझा अर्ज होता. तो तुझ्यासाठी नाही, असे मला म्हणायचे होते. 

कुमुदने पर्समधून चष्म्याचे घर काढले, चष्मा लावला आणि अर्ज वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला. शेवटच्या ओळीखाली तिचे बोट बराच वेळ थांबले.  मग तिने पान उलटले, संमतीपत्राची दोन्ही पाने शेवटपर्यंत वाचली, आणि निळ्या पेनने सही केली. नाते: बहन.

बाबूंनी फाइलसाठी हात पुढे केला. तिने फाइल सोडली नाही. पान पुन्हा उलटून ती माझ्या अर्जावर आली.

"दूसरा पेन है?" तिने लिन्सीला विचारले.

लिन्सीने खिशात हात घातला. हातात आला तो माझा लाल पेन.

कुमुदने तो क्षणभर निरखला. टोपण काढले. शेवटच्या ओळीसमोर, समासात, स्वच्छ अक्षरात लिहिले: +३. खाली पूर्ण नावाची सही केली, तारीख घातली, टोपण लावले आणि फाइल बाबूंना दिली.

"अब गाउन पहनना है," लिन्सी माझ्याजवळ येऊन म्हणाली. "सब मेटल निकालो. पिन भी."

मी खांद्याकडे हात नेला. कुमुद समोर येऊन उभी राहिली होती.

"हालू नको, ताई. टोचंन."

तो कडक चाप इतकी वर्षे मी दोन्ही हातांनी उघडत होते. तिने एका हाताने उघडला.